माल्बेक : एका काळ्या द्राक्षाची पारख

माणसांप्रमाणें द्राक्षांच्या जातींनाहि कुळ असतें, गांव असतें आणि नशीबहि असतें. कांहीं जाती थोर कुळांत गणल्या जातात आणि शेवटपर्यंत त्याच मानानें मिरवतात; कांहींना स्वतःच्या घरीं दुय्यम स्थान पतकरावें लागतें, आणि गुणांचें चीज होण्यासाठीं परदेशाची वाट धरावी लागते. माल्बेक हें नैर्ऋत्य फ्रान्समधील काळें द्राक्ष या दुसऱ्या प्रकारांत मोडतें. आज त्याचें गडद तांबडें मद्य जगभर आवडीनें घेतलें जातें, परंतु त्याचें नांव निघतांच जाणत्यांच्या डोळ्यांपुढें फ्रान्सऐवजीं अर्जेंटिना उभा राहतो. हा पालट कसा झाला तें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कित्येक शतकें माणसानें या द्राक्षाला निरनिराळे प्रश्न विचारले. तुझा रस लांबच्या प्रवासांत टिकेल काय? तुझ्या रंगानें दुसऱ्याचें फिकें मद्य खुलेल काय? एका एकरांत तूं किती पिकशील? 'तुझी स्वतःची चव कशी आहे?' हा साधा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारला गेला. आणि तो विचारला जाईपर्यंत हें द्राक्ष नव्या घरींहि उपटून टाकलें जाऊं लागलें होतें.

माल्बेकचें कुळ अलीकडेच निश्चित झालें आहे. वेलींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून २००९ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, प्रुनलार आणि माग्दलेन न्वार दे शारांत या दोन जुन्या, आतां विरळ झालेल्या जातींच्या संकरांतून हें द्राक्ष जन्मलें. यांपैकीं दुसरी जात ही मेर्लो या सुप्रसिद्ध द्राक्षाचीहि जननी. म्हणजे माल्बेक आणि मेर्लो हीं एका मातेचीं, परंतु दोन निराळ्या पित्यांचीं भावंडें ठरतात. नांवांच्या बाबतींत तर या द्राक्षाची श्रीमंती मोठी आहे. ल्वार नदीच्या कांठीं त्याला 'को' म्हणतात. काओरच्या परिसरांत 'को' आणि 'ओसेरवा' अशीं दोन्ही नांवें चालत आलीं. 'माल्बेक' हें नांव बोर्दोच्या बाजूचें, आणि अठराव्या शतकांत तेथें त्याचा प्रसार करणाऱ्या एका मळेवाल्याच्या आडनांवावरून तें पडलें असें मानतात. ज्याला गांवोगांवीं नवें नांव, त्याला कोणतेंच घर पुरतें आपलें नव्हे. या द्राक्षाच्या चरित्राला ही गोष्ट साजेशीच आहे.

त्यांतल्या त्यांत त्याचें नांदतें घर म्हणजे काओर. लॉट नदीच्या वळणानें तिन्ही बाजूंनीं वेढलेल्या या गांवच्या सावकारांची ख्याति मध्ययुगांत युरोपभर पसरली होती; १३१६ सालीं पोप झालेला बाविसावा जॉन हा याच गांवचा. काओरचें मद्य 'काळें मद्य' म्हणून ओळखलें जाई, आणि कालांतरानें माल्बेक हाच त्याचा मुख्य आधार ठरला. द्राक्षाच्या सालींतच रंग पुष्कळ. त्यांत तेथील कित्येक मद्यकार रसाचा कांहीं भाग कढवून आटवीत, त्यामुळें मद्य अधिकच गडद आणि जड होई. ही नुसती रंगाची हौस नव्हती. लांकडी पिंपांत भरलेलें मद्य प्रथम नदीवाटे आणि मग समुद्रावरून आठवडेच्या आठवडे प्रवास करी. पातळ मद्य वाटेंतच बिघडून जाई. हें दाट, तुरट मद्य मात्र शाबूत पोंचे. त्या काळच्या गिऱ्हाइकाला चवीपेक्षां टिकाऊपणाची मातबरी अधिक वाटे. रशियांत तर काओरच्या नांवावरून 'कागोर' हा शब्द रुळला. तेथील ख्रिस्ती देवळांतील उपासनाविधींत वापरल्या जाणाऱ्या गोड तांबड्या मद्याला आजहि तेंच नांव आहे, जरी त्याचा काओरच्या मळ्यांशीं कांहीं संबंध उरलेला नाहीं.

परंतु काओर आणि समुद्र यांच्यामध्यें बोर्दो बसलें होतें. लॉट नदी गारॉनला मिळते आणि गारॉन बोर्दोवरून समुद्राकडे जाते. तेव्हां काओरच्या पिंपाला बोर्दोच्या बंदरांतूनच बाहेर पडावें लागे. ११५२ सालीं आक्विटेन प्रांताची वारस एलेनोर हिचा हेन्री प्लांटाजेनेट याच्याशीं विवाह झाला, आणि दोनच वर्षांनीं तो इंग्लंडच्या गादीवर बसला. बोर्दो अशा रीतीनें इंग्रजांच्या राजाकडे आलें आणि त्याच्या मद्याला इंग्लंडची पेठ मोकळी झाली. तेराव्या शतकापासून बोर्दोच्या नागरिकांनीं अशा सनदा मिळविल्या कीं, नदीच्या वरच्या बाजूचीं मद्यें ठराविक दिवस उलटल्याखेरीज त्यांच्या बंदरांत येऊं नयेत. तोंवर बोर्दोचा नवा माल घेऊन गलबतें निघून गेलेलीं असत, आणि काओरच्या व्यापाऱ्याच्या वांट्याला उरलासुरला बाजार, तोहि पडत्या भावाचा, येई. राज्यें बदललीं, तरी ही अडवणूक पांचशें वर्षांहून अधिक काळ चालली. १७७६ सालीं फ्रान्सचा अर्थमंत्री त्युर्गो यानें मद्याचा व्यापार मोकळा करणारा हुकूम काढला, तेव्हां कोठें ती कायद्यानें उठली.

याच काळांत बोर्दोवाल्यांना या काळ्या मद्याचा एक निराळा उपयोग सांपडला. त्यांच्या मद्याला सुगंध होता, नजाकत होती. पण पावसाळी, थंड सालीं त्याचा रंग फिका पडे. अशा वेळीं काओरचें मद्य त्यांत मिसळलें कीं काम भागे. पुढें त्यांनीं खुद्द आपल्या मळ्यांतहि माल्बेकच्या वेली लावल्या. १८५५ सालीं मेदॉकच्या मळ्यांची प्रसिद्ध प्रतवारी ठरली, त्या वेळीं या प्रांतांत हें द्राक्ष मुबलक होतें. थोर मळ्यांच्या कीर्तींत त्याचा वांटा होता, पण त्या कीर्तींत त्याचें नांव नव्हतें. स्वयंपाकांत हळदीचें जें स्थान, तेंच येथें माल्बेकचें: रंग सर्वांना दिसावा, आणि चव कोणास वेगळी कळूं नये.

शिवाय हें द्राक्ष नाजूक आणि लहरी. फुलोऱ्याच्या वेळीं थंडी-पाऊस झाला कीं त्याचीं फुलें फळ न धरतांच गळून पडतात; केवडा रोग त्याला लौकर जडतो, आणि वसंतांतील दहिंवरानें त्याचे कोंब करपतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या बारीक किडीनें फ्रान्समधील वेलींचीं मुळें शोषून बागाच्या बागा उजाड केल्या. लॉटचें खोरेंहि तिच्यांतून सुटलें नाहीं. किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमें बांधून फ्रेंच शेतकऱ्यांनीं बागा पुन्हा उभ्या केल्या. परंतु नव्या लागवडींत जो तो भरंवशाच्या जाती निवडूं लागला. उरलेली कसर फेब्रुवारी १९५६ च्या भयंकर हिमलाटेनें भरून काढली. काओरच्या बहुतेक आणि बोर्दोच्या पुष्कळ वेली त्या महिन्यांत गोठून मेल्या. बोर्दोनें माल्बेकच्या जागीं मुख्यतः मेर्लो लावलें. एका भावंडाचें घर दुसऱ्या भावंडास मिळालें. काओरच्या शेतकऱ्यांनीं मात्र हट्टानें आपलें जुनें द्राक्षच पुन्हा लावलें. १९७१ सालीं त्यांच्या मद्याला सरकारमान्य स्थाननामाचा दर्जा मिळाला, आणि त्याच्या नियमाप्रमाणें काओरच्या मद्यांत किमान ७० टक्के माल्बेक असावेंच लागतें.

फ्रान्समध्यें हा ऱ्हास सुरू होण्यापूर्वींच, फिलॉक्सेराचें नांवहि युरोपांत कोणास ठाऊक नव्हतें तेव्हां, माल्बेकच्या कांहीं काड्या समुद्रापार गेल्या होत्या. अर्जेंटिनाचा विद्वान लेखक आणि पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला मुत्सद्दी दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो हा स्वदेशांतील हुकूमशाहीमुळें पुष्कळ वर्षें शेजारच्या चिलींत आश्रयास होता. सँटिआगो येथील सरकारी कृषिउद्यानाचें काम त्यानें तेथें पाहिलें, आणि मिशेल एमे पूझे या फ्रेंच कृषितज्ज्ञाची योग्यता त्याच्या ध्यानांत आली. अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांतांतहि असेंच उद्यान व्हावें आणि तें पूझेच्या हातीं द्यावें, असा त्यानें आग्रह धरला. १७ एप्रिल १८५३ रोजीं यासंबंधींचा प्रस्ताव मेंडोझाच्या विधिमंडळापुढें मांडला गेला, आणि त्याच वर्षीं तो मंजूर झाला. पूझेनें तेथें ज्या फ्रेंच जाती आणून लावल्या, त्यांत माल्बेक होतें. या तारखेची आठवण म्हणून २०११ सालापासून १७ एप्रिल हा माल्बेकचा दिवस म्हणून साजरा होतो. एका शेतकी बागेच्या प्रस्तावाची तारीख सणासारखी पाळली जावी, असें उदाहरण विरळाच!

मेंडोझाची भूमि मुळांत वाळवंटच. वर्षाकाठीं तेथें सुमारें २०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रांतील दुष्काळी तालुक्यांनाहि याहून अधिक पाणी मिळतें. पण पश्चिमेस अँडीज पर्वताची हिमाच्छादित भिंत उभी आहे, आणि तिच्या वितळत्या बर्फाचें पाणी नद्यांनीं खालीं उतरतें. १५६१ सालीं स्पॅनिश लोकांनीं मेंडोझा शहर वसविलें, त्याच्या आधींपासून ह्वार्पे जमातीचे लोक हें पाणी पाटांनीं शेतांत नेत असत. स्पॅनिशांनीं तेच पाट वाढविले, आणि आजहि शहरांतील रस्त्यांच्या कडेनें झाडांच्या मुळाशीं पाटाचें पाणी वाहत असतें. ज्या द्राक्षाला फ्रान्समधील ओल, केवडा आणि गळता फुलोरा यांनीं हैराण केलें होतें, त्याला येथें कोरडी हवा, स्वच्छ ऊन आणि शेतकऱ्याच्या हातचें मोजकें पाणी मिळालें. गारांची धास्ती तेवढी मोठी. म्हणून पुष्कळ मळ्यांवर जाळीं ताणलेलीं दिसतात. या परक्या भूमींत माल्बेक असें रमलें कीं, लोक त्याला नुसतें 'फ्रेंच द्राक्ष' म्हणूनच ओळखूं लागले.

१८८५ सालीं मेंडोझापर्यंत आगगाडी पोंचली, आणि सुमारें हजार किलोमीटरांवरील ब्यूनॉस आयरीसची पेठ एकदम जवळ आली. इटली व स्पेन या देशांतून आलेल्या कुटुंबांनीं बागांमागून बागा लावल्या, आणि काळ्या द्राक्षांत माल्बेकला अग्रस्थान मिळालें. पण येथेंहि त्याला विचारलेला प्रश्न चवीचा नव्हता. अर्जेंटिनांत मद्य हें रोजच्या जेवणाचें पेय. १९७० च्या सुमारास तेथें दरडोई वर्षाला सुमारें ९० लिटर मद्य खपत असे. कित्येकदां सोडावॉटर घालून पातळ केलेलें तें मद्य तहान भागवी, आणि तें कोणत्या द्राक्षाचें याची चौकशी कोणी करीत नसे. पुढें लोक बियर आणि थंड पेयें यांकडे वळले, आणि मद्याचे भाव कोसळले. अधिक पिकणाऱ्या हलक्या जातींपुढें माल्बेक परवडेनासें झालें. बागा काढून टाकण्यास सरकारनेंच उत्तेजन दिलें. १९६० नंतरच्या दशकांत ५० हजार हेक्टरांच्या आसपास असलेली माल्बेकची लागवड १९९० च्या सुमारास १० हजार हेक्टरांच्या घरांत आली. आजे-पणज्यांनीं लावलेल्या वेली खणून निघाल्या. वेल उपटावयास एक दिवस पुरतो. तितकी जुनी वेल पुन्हा उभी राहावयास दोन पिढ्या जाव्या लागतात.

अशा पडत्या काळांत कांहीं मोजक्या मद्यकारांनीं तो शेवटचा प्रश्न विचारला. निकोलास कातेना हे अर्थशास्त्रज्ञ, मेंडोझांतील एका इटालियन वंशाच्या मद्यकार घराण्यांतले. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें अध्यापनासाठीं गेले असतां, फ्रान्सशीं बरोबरी करण्याची तेथील मद्यकारांची उमेद त्यांनीं पाहिली. परत येऊन त्यांनीं प्रथम शार्दोने आणि काबेर्ने हीं प्रतिष्ठित फ्रेंच द्राक्षें हातीं घेतलीं. माल्बेकविषयीं ते साशंकच होते. त्यांचे वडील दोमिंगो यांचा मात्र या द्राक्षावर पूर्ण विश्वास होता. वडिलांच्या पश्चात् मुलानें तो कसास लावून पाहण्याचें ठरविलें. जुन्या मळ्यांतील निवडक वेलींच्या काड्या घेऊन त्यांनीं त्या वेगवेगळ्या उंचीवर लावल्या. १९९२ सालीं ऊको खोऱ्यांतील ग्वालतायारी येथें, सुमारें १,४५० मीटर उंचीवर, त्यांनीं बाग धरली. इतक्या थंड जागीं द्राक्ष नीट पिकणार नाहीं अशी भीति होती. द्राक्ष पिकलें, आणि असें पिकलें कीं माल्बेकची नवी कीर्ति तेथून सुरू झाली. लुहान दे कूयो येथील उत्पादकांनींहि १९८९ सालींच आपल्या माल्बेकसाठीं स्थाननामाची व्यवस्था केली होती. आज अर्जेंटिनांत माल्बेकची लागवड ४० हजार हेक्टरांहून अधिक असून जगांतील बहुतांश माल्बेक तेथेंच पिकतें.

उंचीचा हा परिणाम समजण्यास कठीण नाहीं. दर १०० मीटर चढावर हवा सुमारें अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते. दिवसा ऊन प्रखर, आणि त्यांतील अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठीं फळाची साल जाड व रंगानें गच्च होते. रात्रीं हवा गार, त्यामुळें रसांतील आंबटपणा उडून न जातां टिकतो. गोडी, रंग आणि आंबटपणा या तिन्ही गोष्टी एकाच घडांत सांपडणें हेंच चांगल्या मद्याचें भांडवल.

हा इतिहास ध्यानांत ठेवून माल्बेकचा पेला हातीं घेतला, तर त्याची पारख अधिक डोळसपणें करतां येते. प्रथम उष्णतामानाकडे लक्ष हवें. तांबडें मद्य घरांतल्या हवेइतकें उबदार असावें हा नियम थंड देशांतील घरांचा. मुंबईच्या उन्हाळ्यांत तो पाळला तर पेल्यांतून नुसत्या मद्यार्काचा भपका येईल. माल्बेकला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतें, म्हणून उष्ण प्रदेशांत बाटली थोडी गार करून घेणेंच योग्य. मग पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून पाहावें. मध्यभागीं रंग जवळजवळ काळा, आणि कडेला पिकलेल्या जांभळाच्या रसासारखी झळाळी दिसली, तर मद्य तरुण आहे असें समजावें. वय वाढतें तशी ही कड विटकरी होत जाते. नवशिक्याची चूक बहुधा येथेंच होते. रंग जितका गडद तितकें मद्य चांगलें, असें तो धरून चालतो. काओरच्या व्यापाऱ्यांनीं रंग कशासाठीं वाढविला होता हें ज्याला ठाऊक आहे, तो या मोहांत पडत नाहीं.

नंतर पेला हळूच फिरवून वास घ्यावा. आलुबुखार, काळ्या चेरी, करवंदासारखीं रानफळें यांची आठवण प्रथम येते; उंचावरच्या मळ्यांतील मद्याला व्हायोलेट फुलांचा मंद सुवास असतो. व्हॅनिलाचा किंवा धुराचा वास आला तर तो द्राक्षाचा नव्हे, ओकच्या नव्या पिंपाचा. आणि त्यानें फळाचा वास झांकून टाकला असेल, तर मद्यकारानें जुन्या बोर्दोवाल्यांसारखेंच द्राक्षाला बोलूं दिलेलें नाहीं असें म्हणावें. मग लहान घोट घेऊन तो सर्व जिभेवर फिरूं द्यावा. फळाचा भरीवपणा आधीं जाणवतो, त्यामागून तोंडाला पाणी सुटतें, ती आंबटपणाची खूण. आणि शेवटीं जांभूळ खाल्ल्यावर यावा तसा तुरटपणा हिरड्यांवर पसरतो. सालींतील आणि बियांतील टॅनिन लाळेंतील प्रथिनांना धरून बसतें, त्यामुळें तोंड कोरडें वाटतें. चांगल्या माल्बेकचा हा तुरटपणा मखमलीसारखा मऊ असतो, ओरबाडणारा नसतो. शेवटचा प्रश्न असा कीं, घोट संपल्यावर चव किती वेळ रेंगाळते? धंदेवाईक परीक्षक तर घोट गिळीतहि नाहींत, थुंकून टाकतात. कारण त्यांना नशेशीं कर्तव्य नसतें, पुढच्या पेल्याला न्याय देण्यासाठीं जीभ व बुद्धि शुद्ध हवी असते.

खरी गंमत दोन पेले शेजारीं ठेवण्यांत आहे: एक काओरचा, एक मेंडोझाचा. द्राक्ष एकच, पण काओरचें मद्य समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेंत आणि चुनखडीच्या भूमींत वाढलेलें, करारी, मातकट वासाचें, बोलावयास वेळ घेणारें, मेंडोझाचें उन्हांत पिकलेलें, भरदार, पहिल्या घोटालाच आपलेंसें करणारें. पहिलें बदकाच्या स्निग्ध मांसाबरोबर खुलतें, दुसरें निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाबरोबर तेथील लोक घेतात. प्रथिनें व चरबी यांनीं तुरटपणा निवळतो, हें दोहोंचें कारण एकच. यांपैकीं श्रेष्ठ कोणतें, हा वाद व्यर्थ आहे. एका द्राक्षाच्या अंगीं दोन स्वभाव होते, आणि ते ओळखावयास दोन भूमी व पुष्कळ सोशिक माणसें लागलीं, एवढें त्या दोन पेल्यांतून कळलें म्हणजे पुरे.

या कथेचा शेवट मोठा मौजेचा आहे. अर्जेंटिनाच्या मद्यामुळें 'माल्बेक' हें नांव सर्वतोमुखीं झालें, तेव्हां काओरच्या मद्यकारांनींहि आपल्या बाटल्यांवर तें छापावयास सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीं आपल्या द्राक्षाला 'को' म्हटलें, 'ओसेरवा' म्हटलें. 'माल्बेक' हा शब्द त्यांची वाट अडवून बसलेल्या बोर्दोचा. तोच शब्द समुद्र ओलांडून गेला, अँडीजच्या पायथ्याशीं मोठा झाला, आणि आतां लॉटच्या कांठीं पाहुण्याच्या मानानें परत आला आहे.